शनिवारची बस

आमच्याकडे बस आली ती मामींसाठी. मामी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला मामी म्हणायची रीत आहे. लोकांना वाटलं, नवरा-बायकोला उतारवयात फिरायचा शौक चढला. पांढुर्ण्याच्या बाजारात नवऱ्याला एकानं विचारलंही, "काऊन भाऊ, घर विकून टाकलं का?"

"नाई," नवरा म्हणाला, "घराले चाकं लावले."

खरं कारण आम्ही कोणाला सांगितलं नाही. मामींना घडीघडी लघवीला जावं लागतं, आणि गुडघे असे की खाली बसता येत नाही. घरी त्यांच्यासाठी कमोड आहे. घराबाहेर कुठे आहे? एस.टी. स्टँडवर नाही, ढाब्यावर नाही, लग्नाच्या मंडपात तर नाहीच. म्हणून त्यांनी हळूहळू जाणंच बंद केलं. आधी लांबची लग्नं सुटली, मग जवळची, मग तेराव्याचं जेवणसुद्धा. विचारलं की म्हणायच्या, "मले गर्दी नाई सोसत." गर्दी त्यांना चांगली सोसते. संत्र्याच्या तोडणीला बगीच्यात मजूर आले की त्या सगळ्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येकाच्या घरची खबर घेतात.

त्यांची एकच बहीण आहे, दारव्ह्याला. कंबर मोडल्यापासून ती खाटेवर. ती इकडे येऊ शकत नाही, या तिकडे जाऊ शकत नाहीत. रोज संध्याकाळी दोघी फोनवर बोलतात. काय भाजी केली, कोणाची म्हैस व्याली, एवढंच. फोन ठेवताना मामी म्हणायच्या, "येतो मी. येतो पुढच्या महिन्यात." आमच्याकडे बाईमाणूसही 'येतो'च म्हणते. तो पुढचा महिना किती वर्षं पुढेच राहिला, ते मी मोजलं नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगते. माझा बाप मंडीत संत्र्याच्या पेट्या ठोकायचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि सासरीही पहिलीच. छिंदवाड्याला राहून बी.एस्सी. केलं. सौंसरच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवणाऱ्यांच्या घरात बहुतेक आधीपासून दोन-चार पदव्या भिंतीवर टांगलेल्या असतात.

नवऱ्यानं बरीच वर्षं संत्र्याचा ट्रक चालवला, त्यामुळे बस चालवण्याचा प्रश्न नव्हता. नागपूरच्या एका माणसानं शाळेची जुनी बस घेऊन तिचं घर केलं होतं. त्याला ते झेपलं नाही, आम्ही घेतलं. आत दोन पलंग, एक छोटा ओटा, टपावर सोलरच्या पाट्या, पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात दार लावता येईल अशी संडासाची खोली. कमोड उंच, धरायला दोन्ही बाजूंनी दांडे. बटण दाबलं की विजेचा पंप पाणी सोडतो आणि सगळं खालच्या बंद टाकीत जातं. ती टाकी नंतर नळीनं रिकामी करायची, हात लागत नाही. मामींनी पहिल्या दिवशी ते बटण दाबून पाहिलं. परत दाबलं. मग बाहेर येऊन म्हणाल्या, "हे बरं हाय. कोणाले काही उचला लागत नाई."

बस तिगावच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या बगीच्यात, घरासमोर उभी राहिली. रीतीप्रमाणे नारळ फुटला, कुंकू लागलं, आणि मामींनी नजर लागू नये म्हणून ते नेहमीचं ओवून बांधलं. बिब्बा, कोळसा, मिरच्या, आणि लिंबाच्या जागी जंभेरी. इथं जंभेरीबद्दल सांगायला पाहिजे. संत्र्याचं कलम जंभेरीच्या खुंटावर बांधतात. कधी वरची संत्र्याची फांदी मरते आणि खालचा खुंटच झाड होऊन बसतो. त्याला मुठीएवढी, खरबरीत सालीची, जीव आंबवून टाकणारी फळं लागतात. लोक असं झाड तोडतात. आमच्या बगीच्यात असं एक होतं आणि मामींनी ते तोडू दिलं नव्हतं.

"लिंबू इकत आणाले पैसे लागते," त्या म्हणायच्या, "आणि नजर काय, तिले लिंबातलं अन् जंभेरीतलं समजते?"

मी म्हटलं, "मामी, नजरेनं बस बंद पडत नसते."

"तुह्या सायन्सनं पंक्चर थांबते का?"

हा वाद लग्नापासूनचा आहे आणि दोघींनाही पाठ आहे. दर शनिवारी सकाळी मी सौंसरला शाळेत जाते, त्या वेळात त्या जुनं काढून नवं बांधतात. संध्याकाळी मला बंपरखाली ताजी मिरची दिसते. मी काही बोलत नाही, हेही ठरलेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं नीट चाललं. मामी सराव म्हणून दिवसातून एकदा बसमध्ये जायच्या. शेजारणींना घर दाखवावं तशी बस दाखवायच्या, फक्त त्या कोपऱ्याचं दार न उघडता. बहिणीला फोनवर तारीख मात्र देत नव्हत्या. म्हणाल्या, आधी जवळ कुठंतरी जाऊन पाहू.

शाळा सुरू झाल्यावर एका मंगळवारी सुट्टी आली. आम्ही मामींना घेऊन जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेलो. जाताना सगळं ठीक. येताना अर्ध्या वाटेत त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि मागे गेल्या. दार लागलं. थोड्या वेळानं आतून पंपाचा घुर्र असा आवाज आला, मग तो आवाज लांबत लांबत बसला, जसा म्हातारा बोलता बोलता झोपी जातो.

"सूनबाई," आतून आवाज आला. "पाणी नाई येऊन राहिलं."

मी बटणं चालू-बंद केली. दिवे लागत होते. पंखा फिरत होता, पण पेंगत. पंप ढिम्म. शेवटी मी पिण्याच्या पाण्याची बाटली दाराच्या फटीतून आत दिली. त्यांनी स्वतःचं भागवलं, पण कमोडमधलं तसंच राहिलं. पांढुर्ण्यापर्यंत आम्ही सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून आलो.

घरी आल्यावर नवऱ्यानं पँट दुमडली, नाकाला दुपट्टा बांधला आणि बादली-मग घेऊन आत साफ केलं. तो हे काम बोभाटा न करता करतो. त्यानं गोठा काढला आहे, आजारी बापाचं केलं आहे. पण मामी दारात खुर्चीवर बसून पाहत होत्या. मी म्हटलं, "मामी, आत चला." त्या हलल्या नाहीत. पूर्ण पाहिलं.

त्या संध्याकाळी बहिणीचा फोन आला. मी भाकरी थापत होते, फोनचा आवाज मोठा असतो, त्यामुळे ऐकू आलं. बहीण म्हणत होती, "मंग? गाडी कशी हाय? कदी येतं?"

"डॉक्टरनं नाई म्हटलं," मामी म्हणाल्या. "लांबचा प्रवास करू नोका म्हणे."

डॉक्टरकडे त्या महिन्यात कोणी गेलं नव्हतं. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "मी नाई बसत आता त्या गाडीत. तुम्ही दोघं फिरा."

नवरा म्हणाला, "माय, एक बादली भरून ठेवू ना सोबत. त्यात काय?"

"तिथी जाऊन माह्या बहिणीचे पोरं माही बादली फेकतीन का? का तू फेकशीन, त्याहिच्या समोर?" त्या म्हणाल्या. "बादलीच न्यायाची होती त मोटार कायले घेतली?"

बस घेण्यामागे तर हेच एक कारण होतं.

मग मी ते काम हातात घेतलं. वीज हा माझा विषय आहे. पोरांना मी पंचवीस तऱ्हेनं परिपथ शिकवलाय. ज्या पंपावर मामींचं जाणं-येणं अडलंय, तो मला दुरुस्त करता येत नाही, असं होऊ देणं मला मान्य नव्हतं. वर नवऱ्यानं चिडवून ठेवलंच होतं. "मॅडम, पोट्ट्यायले फळ्यावर बल्ब पेटवून दाखवता ना? आता हे पेटवा."

बसमध्ये दोन बॅटऱ्या आहेत. एक इंजिनची, तिच्यानं गाडी सुरू होते. ती कधीच दगा देत नव्हती. दुसरी घराची, तिच्यावर दिवे, पंखा, पंप. ती पुढच्या दाराजवळ पायरीच्या बाजूच्या पेटीत ठेवलेली आहे. गडबड या दुसरीच्या कुटुंबात होती.

मला फक्त शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी वेळ मिळायचा. पहिल्या शनिवारी मी फ्यूज काढून पाहिला. तो बरा दिसत होता, तरी बदलला. बटण दाबलं, पंप खणखणीत चालला. मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "वा." रविवारीही चालला. मामींना सांगितलं, झालं दुरुस्त. त्या म्हणाल्या, "पाहू." बुधवारी शाळेतून आल्यावर मी सहज बटण दाबलं. घुर्र, आणि बंद.

पुढच्या शनिवारी पंपाचं बटणच बदललं. चालला. मंगळवारी बंद. त्यानंतरच्या शनिवारी बॅटरीपासून पंपापर्यंतची तार जाड टाकली, कारण बारीक तारेत विजेचा दाब घटतो हे मला माहीत होतं. चालला, पहिल्यापेक्षा जोरात. या वेळी मी जरा मोठ्यानंच सांगितलं की तारच बारीक होती, ज्यानं बस बनवली त्याला अक्कल नव्हती. गुरुवारी बंद. ट्रॅक्टरच्या वायरिंगचं काम करणारा मिस्त्री बोलावला. त्यानं मडकं वाजवून पाहावं तशी बॅटरी बोटानं ठोकली आणि म्हणाला, "ताई, हिचा जीव गेला." नवी आणली. शनिवारी बसवली. चालला. मिस्त्री खुश, मी खुश. बुधवारी तो फोन उचलेना.

मामी या सगळ्यात भाग घेत नव्हत्या, पण लक्ष होतं. एकदा मी पंप उलगडून अंगणात गोणपाटावर मांडला होता तेव्हा काठी टेकत आल्या आणि उभ्या राहिल्या.

"काय निंगालं?"

"काहीच नाही. पंप चांगला आहे. सरळ बॅटरीवर लावला की फिरतो."

"मंग त्याले तिथंच लाव ना, बॅटरीपाशी."

"संडास मागे आहे, मामी."

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या. "माह्या डोक्यात बी.एस्सी. नाई."

नवऱ्यानं वेगळंच काढलं. एके दिवशी जेवताना म्हणाला, "एक गोठ ध्यानात आली का? शनिवारी चालते ही गाडी. हप्ताभर मरते अन् शनिवारी जित्ती होते."

"मी शनिवारी दुरुस्त करते म्हणून."

"तू दुरुस्त करतं ते बुधवारी मरते. म्हंजे दुरुस्त नाई झालं ना. पण शनिवारी चालते, हे पक्कं."

"मारुतीचा वार हाय," मामी म्हणाल्या.

मी ताट उचललं. पण गोष्ट बरोबर होती, आणि मला त्याचा राग आला की ती मी पाहिली नाही. वर्गात मी सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काहीच न बदलता काय होतं तेही पाहा. मी दर शनिवारी काहीतरी बदलत होते आणि यशाचं श्रेय बदललेल्या वस्तूला देत होते. एकदाही असं झालं नव्हतं की मी हात न लावता शनिवार येऊ दिला. तेव्हा मी ठरवलं की आता काही करायचं नाही. फक्त पाहायचं.

तशी संधी पोळ्याला आली. पोळा शुक्रवारी होता आणि गोटमारीची सुट्टी शनिवारी. त्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर जमतात, रीत म्हणून एकमेकांवर दगड चालतात आणि बाजार बंद असतो. नवरा दरवर्षी सावरगावला चुलत्याच्या गच्चीवरून पाहायला जातो. पाहायला जातो, मारायला नाही, असं निघताना आईला सांगून जातो. मामी दरवर्षी त्याला म्हणतात, "डोकं सांभाळ, एकच हाय." त्यात हल्ली भर पडते, "अन् तेही अर्धं टकलं."

शुक्रवारी संध्याकाळी बैलांचं ओवाळून झाल्यावर मी बसमध्ये जाऊन बटण दाबलं होतं. पंप बंद. ठीक. शनिवारी सकाळी नवरा गेला. मी चहा घेऊन बसमध्ये गेले. पंपाचं बटण चालू केलं, त्याच पंपावरचा बेसिनचा नळ उघडला, वीज मोजायच्या मीटरच्या दोन्ही सुया पंपाच्या टोकांना लावून जमिनीवर बसले. पंप हूं नाही की चूं नाही. मीटरवर अर्धाच दाब. बॅटरीपाशी पूर्ण आणि इथं अर्धा, म्हणजे बाकीचा वाटेत कुठंतरी सांडतोय. वाट मी नवी टाकलेली. मी तशीच बसून राहिले. चहा निवला.

बाहेर मामींचं काम चालू होतं. पोळ्याला आम्ही दारात पळसाच्या फांद्या ठेवतो, त्यांना मेढे म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उचलून शिवेबाहेर टाकायच्या आणि घरातली रोगराई, किरकिर, सगळं त्यांच्यासोबत जा म्हणायचं. मामी फांद्या गोळा करत तोंडानं यादी बोलत होत्या. खोकला घेऊन जा, माश्या घेऊन जा, ढेकणं घेऊन जा. गुडघे घेऊन जा, असंही म्हणाल्या.

तेवढ्यात बस किंचित हलली. आणि पंप सुरू झाला.

मी कशाला हात लावला नव्हता. मीटरचा आकडा एकदम वर गेला, नळाला धार लागली, बेसिन वाजायला लागलं. मी उठून पुढे गेले. समोरच्या काचेतून मामींची पाठ दिसली. त्या बंपरवर एक हात ठेवून वाकल्या होत्या आणि दुसऱ्या हातानं काहीतरी ओढत होत्या.

"मामी! काय केलं?"

"काय करीन?" त्या दचकल्या. "जुनं काढून राहिली. मेढ्यासोबत टाकतो."

"परत ओढा."

"काय ओढू?"

"तेच. जे ओढत होता ते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोरा परत ओढला, जरा चिडूनच. पंप बंद पडला.

"परत."

"येडी झाली का वं तू?" पण ओढला. पंप चालू झाला.

मी खाली उतरले आणि चिखलात, नेसत्या साडीनिशी, बंपरखाली आडवी झाले. तिथं चासीला एक बोल्ट बाहेर निघालेला होता. बांधायला अगदी सोयीचा, खुंटीसारखा. त्यावर दोऱ्याच्या गाठी होत्या आणि गेल्या शनिवारची जंभेरी सुतळीला लोंबत होती, अर्धी सडून मऊ झालेली. बोल्टच्या मागे एक जाड काळी तार येत होती. ती घराच्या बॅटरीची परतीची तार होती. तिच्या तांब्याच्या टोकाला हिरवं-निळं पीठ धरलं होतं, दुधावर साय धरते तसं. आत धातू थोडाच उरला होता.

बसमध्ये वीज जायला तार असते, परत यायला तार नसते. बसचं लोखंडी अंगच तिला परत आणतं, आणि शेवटी या एका बोल्टवरून बॅटरीत पोचवतं. फळ्यावर आकृती काढताना मी ही परतीची रेघ नेहमी शेवटी काढते, घाईत, घंटा व्हायच्या आधी. इथंही मी जाण्याचा सगळा रस्ता तपासला होता, परतीचा नाही. जंभेरीचा रस आठवडाभर त्या सांध्यावर ठिबकायचा. तांबं, लोखंड आणि आंबट रस. लिंबाला तांब्याची पट्टी आणि जस्ताचा खिळा टोचून त्याची बॅटरी करून दाखवायची, हा प्रयोग मी दरवर्षी करते, पोरं टाळ्या वाजवतात. आमच्या बंपरखाली तो सगळा पावसाळा चालू होता. दिव्याला थोडीच वीज लागते, ती त्या पिठातूनही निभून जायची. पंपाला जास्त लागते, ती अडायची. आणि दर शनिवारी मामी जुना दोरा हिसकून काढायच्या, सांधा हलायचा, आतला जरासा चकचकीत भाग एकमेकांना लागायचा, आणि गाडी दोन-चार दिवस जिती व्हायची.

मी बाहेर आले तेव्हा मामी तिथंच उभ्या होत्या, एका हातात पळसाच्या फांद्या, दुसऱ्यात काठी.

"सापडलं?"

लग्नापासूनचा वाद होता. त्यात अशी बाजू माझ्याकडे कधी आली नव्हती. मला ती वापरायची इच्छा झाली, हे खरं आहे. पण समोर ती बाई उभी होती जिनं बहिणीला डॉक्टरचं खोटं सांगितलं होतं. तिला आणखी हे कळलं की आपणच आपली वाट अडवली, तर ती परत त्या पायरीवर चढेल की नाही, मला सांगता येईना. न सांगावं, तर पुढच्या शनिवारी त्या तिथंच बांधणार. खोटं कारण सांगायचं मला जमत नाही. मी सरळ सांगितलं.

"जंभेरीचा रस तारेवर पडत होता. तार सडली."

त्यांनी वाकून पाहायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं वाकू दिलं नाही. मी तारेचं टोक खोलून हातात आणून दाखवलं. त्यांनी अंगठ्यानं ते हिरवं पीठ चोळलं.

"पितळंत कढी ठेवल्यावानी झालं," त्या म्हणाल्या.

"हो. तसंच."

"मंग कल्हई काऊन नाई केली त्यानं?"

"कोणी?"

"ज्यानं तार बसवली त्यानं. बिनाकल्हईचं भांडं देल्लं अन् आता जंभेरीले नाव ठेवून राहिली." त्या वळल्या. "मी म्हटलं होतं ना, जंभेरीत ताकत असते."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्या फांद्या टाकायला फाटकापर्यंत गेल्या, पण जुनी जंभेरी त्यांनी सोबत नेली नाही. बोल्टपाशी पडलेली ती मीच नंतर उचलून टाकली.

दुपारी मी तारेचं टोक कापून नवं बसवलं. त्यावर कथिलाचा डाग देऊन पूर्ण मढवलं, म्हणजे कल्हईच केली. सांधा बंपरखालून काढून आत, पेटीशेजारी, चासी कोरडी असते तिथं घासून घट्ट केला आणि वर ग्रीस माखलं. नवरा संध्याकाळी सावरगावहून आला, डोकं शाबूत. मी बटण दाबून दाखवलं.

"शनिवार हाय," तो म्हणाला.

मामीही तेच म्हणाल्या. "मंगळवारी पाहू."

मंगळवारी मी शाळेतून आले तेव्हा त्या बसच्या पायरीवर बसल्या होत्या. पंप चालला होता की नाही, सांगेनात. बुधवारी चालला. गुरुवारी मी घरी यायच्या आधीच त्यांनी नवऱ्याला सांगून टाकी भरून घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळी फोन लागला.

"डॉक्टर बदलला," त्या बहिणीला सांगत होत्या. "हा म्हणते, जा."

दारव्ह्याला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो. वरूड गेलं, मोर्शी गेली. मोर्शीच्या पुढे त्यांनी गाडी थांबवली आणि मागे गेल्या. आम्ही दोघं खाली उतरलो. नवरा टायर पाहत राहिला, मी रस्त्याकडेची तूर. आतून पंप सुरू झाल्याचा आवाज आला. पूर्ण वेळ चालला, आणि बटण सोडल्यावर जसा थांबायला पाहिजे तसा थांबला. मामी दारात आल्या.

"काय पाहून राहिले? तुमच्या घरी तूर नाई का? चाला."

दारव्ह्याला बहीण ओसरीत खाटेवर होती. दोघी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत बराच वेळ रडल्या आणि मग लगेच भांडल्या, कोण जास्त वाळलं यावरून. चहा झाला. मग बहिणीनं खालच्या आवाजात काहीतरी विचारलं. मामी मला म्हणाल्या, "सूनबाई, हिले गाडी दाखवाची हाय."

तिच्या दोन्ही पोरांनी तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट बसमध्ये चढवलं. मामींनी सगळ्यांना खाली उतरवलं. मलाही.

"मी हावो ना इथं," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही अंगणात उभे राहिलो. बहिणीचा मोठा पोरगा म्हणाला, "मावशी काय करून राहिली आत?" थोड्या वेळानं पंप वाजला. मग दोघींचं हसणं ऐकू आलं. मग पंप परत वाजला, या वेळी नुसताच, दाखवण्यासाठी असावा.

जंभेरी मामी अजून बांधतात. आता ती आरशाच्या दांड्याला असते. शनिवारी बांधायच्या आधी त्या मला विचारतात, "इथून काई जात नाई ना?" मी म्हणते, नाही. मग त्या गाठ मारतात.